पारा तोच, मग एका तळ्यातला मासा विषारी आणि दुसऱ्या तळ्यातला खाण्याजोगा, असं का?

गाळमित्र (धागाकर्ता)

पाऱ्याच्या प्रदूषणाची चर्चा निघाली की ती "कुणी किती टन पारा सोडला" या एकाच आकड्याभोवती फिरत राहते असं मला बरेच दिवस वाटतंय. आकडा महत्त्वाचा आहेच, पण निम्मीच गोष्ट आहे. उरलेली निम्मी तळ्याच्या बुडाशी असलेल्या काळ्या चिखलात घडते आणि ती घडवणारे डोळ्याला न दिसणारे जीव असतात, त्यांच्याबद्दल मराठीत फारसं कुणी लिहिलेलं सापडत नाही म्हणून हा धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी. पारा म्हटलं की आपल्याला थर्मामीटरमधली चकचकीत गोळी आठवते, पण ती गोळी चुकून गिळली गेली तर आतड्यातून जवळजवळ काहीच शोषलं जात नाही, बहुतेक सगळी बाहेर पडते. (घरी प्रयोग करू नका, त्याच पाऱ्याची वाफ फुफ्फुसात गेली तर प्रकरण गंभीर असतं.) पाऱ्याचे साधे क्षारही शरीरात थोडेच शोषले जातात, मूत्रपिंडाला त्रास देतात वगैरे. खरा वाईट प्रकार म्हणजे मिथिल मर्क्युरी, म्हणजे पाऱ्याच्या अणूला एक कार्बन आणि तीन हायड्रोजनचा छोटा तुकडा चिकटलेला. हा पोटात गेला की ९५ टक्क्यांच्या आसपास शोषला जातो, सिस्टीन नावाच्या अमिनो आम्लाला चिकटून बसतो आणि ती जोडी मेथिओनिनसारखी दिसत असल्यामुळे शरीर तिला आपलंच समजून मेंदूत सोडतं, गर्भातल्या बाळापर्यंतही पोचवतं.

आता गंमत अशी की कोळसा जाळून, सोन्याच्या छोट्या खाणींतून, ज्वालामुखीतून जो पारा हवेत जातो त्यात मिथिल मर्क्युरी जवळपास नसतोच. तो साधा पारा काही महिने हवेत जगभर हिंडतो, मग त्याचं ऑक्सिडीकरण होतं, पावसातून किंवा झाडांच्या पानांतून जमिनीवर येतो, तिथून वाहत वाहत तळ्यात आणि शेवटी गाळात. तरी माशाच्या मांसात मोजला तर बहुतेक सगळा पारा मिथिल मर्क्युरीच्या रूपात सापडतो. मग मधे कुणीतरी तो बनवलाच ना?

हे कोडं १९६०च्या दशकात स्वीडनमध्ये पडलं होतं. तिथल्या माशांत मिथिल मर्क्युरी निघत होता आणि कारखाने सोडत होते ते पाऱ्याचे वेगळेच प्रकार. १९६९ साली येन्सेन आणि येर्नेलोव्ह या दोघांनी तळ्यातला गाळ घेऊन त्यात साधा पारा घातला आणि काही दिवसांनी मिथिल मर्क्युरी तयार झालेला दाखवला. तोच गाळ आधी निर्जंतुक केला तर काहीच नाही. म्हणजे काम जिवंत माणसांचं, सॉरी, जिवंत जिवाणूंचं :)

नेमके कोणते जिवाणू हे समजायला १९८५ उजाडलं. कॉम्पो आणि बार्था यांनी खाडीच्या गाळात मॉलिब्डेट घातलं, हे रसायन सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंचा श्वासच बंद करतं, आणि मिथिल मर्क्युरी बनणं जवळजवळ थांबलं. हे जिवाणू ऑक्सिजन नसलेल्या जागी राहतात, ऑक्सिजनऐवजी सल्फेट वापरतात आणि सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड सोडतात. नंतर कळलं की लोहावर जगणारे काही आणि मिथेन बनवणारेही काही यात सामील आहेत. पण गोची अशी की सगळे सल्फेटवाले हे करत नाहीत. एकाच कुळातले दोन भाऊबंद, एक करतो, दुसरा करत नाही.

त्याचं उत्तर मिळालं थेट २०१३ मध्ये. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या आणि इतर ठिकाणच्या लोकांनी मिळून दोन जनुकं शोधली, एचजीसीए आणि एचजीसीबी. दोन्हीपैकी एक जरी काढून टाकलं तरी जिवाणू मजेत जगतो पण मिथिल मर्क्युरी बनवणं बंद, परत घातलं की परत सुरू. पहिल्या जनुकाचं प्रोटीन बी-१२ जीवनसत्त्वासारख्या रेणूच्या मदतीने मिथिलचा तुकडा पाऱ्याला देतं आणि दुसरं त्याला इलेक्ट्रॉन पुरवून पुन्हा कामाला लावतं असा अंदाज आहे. आता कुठलाही गाळ आणा, त्यातला डीएनए वाचा आणि ही जोडी आहे का बघा, आहे तर तिथं हे काम होऊ शकतं.

आणि शोध ओक रिजला लागावा हेही खासच. त्याच गावातल्या वाय-१२ कारखान्यात १९५०च्या दशकापासून हायड्रोजन बॉम्बसाठी लिथियम वेगळं करायला पारा वापरला आणि त्यातला भरपूर शेजारच्या ओढ्यात गेला. ओढा आजही पाऱ्याने ग्रस्त आहे. म्हणजे यांचा प्रश्न यांच्याच दारात वाहत होता.

तर माझं म्हणणं एवढंच की एखादं तळं किती धोकादायक आहे हे ठरवताना पाऱ्याच्या टनांबरोबर गाळात कोण राहतं, ते काय खातं आणि काय श्वासात घेतं हेही बघायला हवं. दोन तळ्यांवर सारखाच पारा पडतो आणि माशातला पारा कितीतरी पटींनी वेगळा असतो तो यामुळेच. प्रश्न, शंका, शिव्या सगळं चालेल.

---

प्रश्नचिन्ह

वाचनखूण साठवली. मस्त लिहिलंय.

एक बाळबोध प्रश्न, जिवाणू हे करतात कशाला? त्यांना काय मिळतं त्यातून? विष पचवायची युक्ती वगैरे आहे का? म्हणजे पारा आत आला, त्याला शेपूट लावून बाहेर हाकलला असं काही?

---

गाळमित्र

@प्रश्नचिन्ह, बाळबोध अजिबात नाही, याच प्रश्नावर सगळे अडलेत. तुम्ही म्हणता तीच कल्पना बरीच वर्षं मांडली जात होती, पण पुरावा तिच्या बाजूने नाही. मिथिल मर्क्युरी बनवणारे जिवाणू पाऱ्याला इतरांपेक्षा जास्त पुरून उरतात असं दिसत नाही. पारा दिला म्हणून ही जनुकं जास्त जोरात चालू होतात असंही नाही. म्हणजे ही यंत्रणा पाऱ्यासाठी बनलेलीच नसावी, तिचं मूळ काम कार्बनच्या चयापचयातलं काहीतरी असावं आणि पारा मधेच तिच्या तावडीत सापडतो. ते मूळ काम कोणतं हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. जनुकं मात्र खूप जुनी आहेत, जिवाणूंच्या अगदी लांब लांबच्या शाखांत आणि आर्किया नावाच्या वेगळ्याच सूक्ष्मजीवांतसुद्धा सापडतात.

---

तिरकस

वा वा. म्हणजे आता जपानमधल्या मिनामाटाच्या विषबाधेला सुद्धा बिचाऱ्या बॅक्टेरियांनाच जबाबदार धरायचं आणि कंपनीवाल्यांनी हात झटकून मोकळं व्हायचं. "आम्ही तर साधा पारा सोडला हो, पुढचं जिवाणूंनी केलं". असले धागे कुणाच्या सोयीचे असतात ते आम्हाला चांगलं माहीत आहे.

---

जुनी_प्रयोगवही

तिरकस साहेब, राग समजू शकते, पण मिनामाटाचं उदाहरण या धाग्याच्या उलट्या बाजूला जातं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मिनामाटाला चिस्सो कंपनी ॲसिटिलीनपासून ॲसिटाल्डिहाइड बनवायची आणि त्यात उत्प्रेरक म्हणून मर्क्युरी सल्फेट वापरायची, १९३२ ते १९६८. त्या भांड्यातच, कारखान्याच्या आत, मिथिल मर्क्युरी तयार होत होता आणि सांडपाण्यातून सरळ खाडीत जात होता. जिवाणूंना तिथं फारसं काही करायची गरजच उरली नव्हती, तयार माल येत होता. आजाराची अधिकृत नोंद १ मे १९५६ ची. त्याआधी मांजरं झिंगल्यासारखी चालत होती, समुद्रात पडून मरत होती. १९५९ मध्ये कंपनीच्याच दवाखान्यातल्या डॉक्टर होसोकावांनी ४०० नंबरच्या मांजराला कारखान्याचं सांडपाणी अन्नातून दिलं आणि त्याला तोच आजार झाला. कंपनीने तो निकाल दाबून ठेवला आणि सांडपाणी पुढे कितीतरी वर्षं चालूच राहिलं. तेव्हा तिथं जबाबदारी कुणाची यात शंकेला जागाच नाही.

जिवाणूंची गोष्ट बघायची असेल तर कॅनडातल्या ओंटारियोत चला. ड्रायडन इथल्या कागद कारखान्याला लागून क्लोरीन-कॉस्टिक सोड्याचं युनिट होतं, त्यात पाऱ्याचे इलेक्ट्रोड. १९६२ ते १९७० या काळात तिथून सुमारे ९-१० टन पारा वाबिगून नदीत गेला. हा साधा पारा होता, मिथिल नव्हता. नदीच्या गाळातल्या जिवाणूंनी त्याचं रूपांतर केलं, मासे विषारी झाले आणि खाली ग्रासी नॅरोज इथं राहणारे अनिशिनाबे हे मूळनिवासी लोक, ज्यांचं पोट आणि रोजगार दोन्ही माशावर होतं, ते आजारी पडले. त्यांच्यातल्या पुढच्या पिढ्या अजून भोगतायत.

म्हणजे दोन्हीकडे दोष सोडणाऱ्याचाच. फरक इतकाच की ड्रायडनला "आम्ही सोडला तो तेवढा विषारी प्रकार नाहीच" असं म्हणायची सोय होती, आणि ती सोय १९६९च्या त्या स्वीडिश प्रयोगाने काढून घेतली. सूक्ष्मजीवशास्त्र कंपन्यांच्या सोयीचं नाही, गैरसोयीचं आहे हो.

---

तिरकस

ठीक. मांजराचं माहीत नव्हतं. पण मग दुसरं सांगा, पारा आधीच इतका साठून बसलाय सगळीकडे मातीत गाळात, शंभर दोनशे वर्षांचा, की आता नवीन थांबवून काय उपयोग? जिवाणूंना कच्चा माल तर पुढची हजार वर्षं पुरेल.

---

करडा_बगळा

या प्रश्नासाठी लोकांनी अख्खं तळं वापरलंय! ओंटारियोतच एक्सपेरिमेंटल लेक्स एरिया म्हणून जागा आहे, तिथं पूर्ण तळ्यांवर प्रयोग करतात. त्यातल्या ६५८ नंबरच्या तळ्यात २००१ पासून सात वर्षं मुद्दाम पारा घातला, पण नेहमीचा मिश्र नाही, त्याचे वेगवेगळे समस्थानिक, म्हणजे अणूचं वजन वेगळं असलेले प्रकार. तळ्याच्या पाण्यात २०२ वजनाचा, काठच्या पाणथळीत १९८ चा आणि वरच्या जंगलात २०० चा. म्हणजे नंतर मासा पकडला की त्याच्यातला पारा कुठून आला ते सरळ कळणार. डोकं लागतं हो असलं सुचायला.

निकाल असा की पाण्यात घातलेला पारा लगेच, म्हणजे पहिल्याच वर्षात, मिथिल होऊन माशांत दिसायला लागला. जंगलात आणि पाणथळीत घातलेला मात्र जिथल्या तिथं मातीत धरून बसला, माशांत जवळजवळ पोचलाच नाही. आणि पारा घालायचं थांबवल्यावर? माशांतला तो २०२ वाला पारा भराभर उतरला, लहान माशांत तर फारच लवकर. हे सगळं २०२१ मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात आलं.

म्हणजे जिवाणूंना ताजा पारा जास्त सोपा जातो. जुना पारा गंधकाला, सेंद्रिय पदार्थांना घट्ट चिकटून, स्फटिक बनून बसलेला असतो, तो त्यांच्या हाती सहज लागत नाही. त्यामुळे नवीन थांबवण्याचा उपयोग आहे आणि तो काही वर्षांत दिसतो, हजार वर्षांत नाही. जिथं पाऱ्याचा सगळा भरणा थेट पाण्यावर पडतो तिथं लवकर, जिथं आजूबाजूच्या मोठ्या जमिनीवरून झिरपत येतो तिथं सावकाश.

---

आडवळण

+१ बगळेबुवा. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

---

शेवाळी

धागा एकतर्फी चाललाय म्हणून मधे पडते. सूक्ष्मजीवांत पाऱ्याचं विष बनवणारे आहेत तसे ते मोडणारेही आहेत, आणि माझ्या मते ते जास्त देखणे आहेत (मी त्यांच्यावर काम केलंय त्यामुळे पक्षपाती आहे हे मान्य).

यांच्याकडे मेर ऑपेरॉन नावाचा जनुकांचा संच असतो. मेर-आर हे प्रोटीन डीएनएवर पहारा देत बसलेलं असतं, पाऱ्याचा अगदी किंचित अंश आत आला तरी ते ओळखतं आणि बाकीची जनुकं चालू करतं. मेर-पी आणि मेर-टी पाऱ्याला पकडून आत आणतात, हो, आत, विष मुद्दाम आत घेतात कारण कारखाना आत आहे. मेर-बी हे एन्झाइम मिथिल मर्क्युरीतला कार्बन आणि पाऱ्याचा बंध तोडतं, मिथेन सुटतो आणि साधा पारा उरतो. मग मेर-ए त्याला इलेक्ट्रॉन देऊन धातूच्या रूपात आणतं, आणि तो पारा वाफ होऊन पेशीतून निघून जातो. कुठल्याही मोठ्या गाजावाजाशिवाय.

वाफ होऊन जातो म्हणजे हवेत जातो आणि पुन्हा कुठेतरी पडतो हे आलंच, त्यामुळे याला "पारा नष्ट केला" म्हणू नका. पारा मूलद्रव्य आहे, तो नष्ट होत नाही, फक्त जागा आणि रूप बदलतो.

आणखी एक गोष्ट जी फार कमी लोकांना माहीत असते. हे मेर ऑपेरॉन बऱ्याचदा प्लाझ्मिड आणि ट्रान्सपोझॉनवर बसलेले असतात, म्हणजे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जाणाऱ्या तुकड्यांवर, आणि त्यांच्याच शेजारी अँटिबायोटिक प्रतिकाराची जनुकं असतात. टीएन-२१ हे त्यातलं गाजलेलं नाव. म्हणजे पाऱ्याने दूषित जागी पाऱ्याला पुरून उरणारे जिवाणू वाढले की त्यांच्या सोबत अँटिबायोटिकला दाद न देणारेही वाढतात, तिथं अँटिबायोटिकचा थेंब नसला तरी. १९९३ मध्ये माकडांच्या दातांत चांदीचं म्हणजे पाऱ्याच्या अमाल्गमचं फिलिंग भरून पाहिलं तर त्यांच्या तोंडातल्या आणि आतड्यातल्या जिवाणूंत असंच झालं होतं. (वाचून कुणी दातातलं फिलिंग उपटायला धावू नये, काढताना उलट जास्त वाफ सुटते.)

---

प्रश्नचिन्ह

मग हे मेरवाले जिवाणू पोत्याने आणून तळ्यात टाकले की झालं ना काम? का कुणी करत नाही?

---

शेवाळी

करतात, पण तळ्यात नाही. जर्मनीत क्लोर-अल्कली (म्हणजे क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा बनवणाऱ्या) कारखान्याच्या सांडपाण्यावर हे करून पाहिलंय, टाकीत पाऱ्याला सरावलेले जिवाणू बसवले, वरून सांडपाणी सोडलं, जिवाणूंनी त्यातला पारा धातू केला आणि तो टाकीतच थेंब होऊन अडकला. वाफ बाहेर पळू न देता गोळा करता आला. बंदिस्त टाकी आणि भरपूर पारा असेल तर हे छान चालतं.

तळ्याची अडचण दोन ठिकाणी. एक म्हणजे साध्या तळ्याच्या पाण्यात पारा लिटरमागे नॅनोग्रॅममध्ये असतो, एवढ्याशा पाऱ्याने मेर-आर जागंच होत नाही, सगळी यंत्रणा बंद राहते. माशांत तो धोकादायक होतो कारण अन्नसाखळीत पायरीपायरीने साठत पाण्याच्या लाखो पट होतो, पाण्यात तो नगण्यच दिसतो. दुसरं, मेरवाले बहुतेक ऑक्सिजनमध्ये रमणारे आणि मिथिल बनते ती जागा बिनऑक्सिजनची. बाहेरून आणलेले पाहुणे तिथल्या स्थानिकांपुढे टिकत नाहीत.

साध्या तळ्यात मिथिल मर्क्युरी मोडायचं काम दुसरेच करतात. गाळातले काही जिवाणू तो कार्बनचा तुकडा खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडतात. मिथेन खाणाऱ्या जिवाणूंपैकी काही तर मिथानोबॅक्टिन नावाच्या, तांबं पकडायला बनवलेल्या रेणूच्या मदतीने मिथिल मर्क्युरी आत घेऊन मोडतात, हे २०१७ मध्ये कळलं. आणि वरच्या स्वच्छ पाण्यात सूर्यप्रकाश हे काम फुकटात करतो. माशात शेवटी जे पोचतं ते बनण्याच्या आणि मोडण्याच्या वेगातला फरक असतो, म्हणून नुसतं "बनवणारे किती" मोजून भागत नाही.

---

गाळमित्र

शेवाळीताई, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. एचजीसीए जनुकाच्या प्रती मोजून मिथिल मर्क्युरीचा अंदाज बांधायचा प्रयत्न बऱ्याच ठिकाणी झाला आणि बऱ्याच ठिकाणी तो बसला नाही. जनुक असणं म्हणजे क्षमता असणं, ती वापरली जाते का हे वेगळं.

---

जुनी_प्रयोगवही

जिवाणू बाहेरून आणण्यापेक्षा आहेत त्यांच्या तोंडचा घास बदलणं जास्त शहाणपणाचं, आणि ते एका ठिकाणी चक्क जमलंय.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात सिराक्यूज शहराला लागून ओनोंडागा तलाव आहे. काठावरच्या क्लोर-अल्कली कारखान्यांनी काही दशकं पारा सोडून तो पार बिघडवला होता, वर शहराचं सांडपाणी. उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं, खालचं थंड राहतं, दोन्ही मिसळत नाहीत, तळाशी ऑक्सिजन संपतो आणि मिथिल मर्क्युरी वाढत जातो, असं दर वर्षी. २००४ च्या सुमारास शहराच्या सांडपाणी प्रकल्पात सुधारणा झाली, अमोनियाचं नायट्रेट करायला लागले, त्यामुळे तलावात नायट्रेट वाढलं. आणि तलावावर लक्ष ठेवणाऱ्यांच्या ध्यानात आलं की तळातला मिथिल मर्क्युरी कमी झालाय. कुणी ठरवून केलेलं नव्हतं!

कारण असं. ऑक्सिजन संपला की जिवाणू लगेच सल्फेटकडे वळत नाहीत. ही पंगत समजा, पहिली ऑक्सिजनवाल्यांची, मग नायट्रेटवाल्यांची, मग मँगनीज आणि लोहवाल्यांची आणि सगळ्यात शेवटी सल्फेटवाल्यांची, मिथेनवाले त्याच्याही मागे. आधीची पंगत उठल्याशिवाय पुढची बसत नाही, कारण आधीच्यांना त्याच अन्नातून जास्त ऊर्जा मिळते. तळाशी नायट्रेट शिल्लक आहे तोपर्यंत सल्फेटवाल्यांचा नंबरच लागत नाही. शिवाय गाळाच्या पृष्ठावरचे लोहाचे आणि मँगनीजचे ऑक्साइड टिकून राहतात, ते पाऱ्याला धरून ठेवतात.

मग २०११ पासून त्यांनी उन्हाळ्यात मुद्दाम कॅल्शियम नायट्रेटचं द्रावण तलावाच्या खोल पाण्यात सोडायला सुरुवात केली. सोडण्याची खोली बरोबर साधावी लागते, वर गेलं तर शेवाळाला खत मिळेल. खोल पाण्यातला मिथिल मर्क्युरी एकदम खाली आला. मला पर्यावरणातल्या उपायांपैकी हा सगळ्यात आवडलेला उपाय आहे, कारण तो जिवाणूंना मारत नाही, रांगेत थांबवतो.

---

तिरकस

म्हणजे एका प्रदूषणावर दुसरं प्रदूषण. नायट्रेट पण शेवटी प्रदूषणच ना. पण हे आवडलं, खोटं कशाला बोलू.

---

करडा_बगळा

उलट उदाहरणही हवं म्हणून. फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्स दलदलीत वरच्या बाजूच्या उसाच्या शेतांतून गंधक येतं, मातीत घातलेलं, त्याचं सल्फेट होऊन पाण्याबरोबर दलदलीत पसरतं. पारा हवेतून पडतो, सल्फेट शेतातून येतं, आणि सल्फेटवाल्यांची चंगळ. आता गंमत ही की जिथं सल्फेट खूपच जास्त, शेताच्या अगदी जवळ, तिथं मिथिल मर्क्युरी उलट कमी, कारण सल्फाइड इतका साठतो की तो पाऱ्याला असा बांधून ठेवतो की पेशीत शिरणंच अवघड होतं. सगळ्यात वाईट मधला पट्टा. म्हणजे सल्फेट थोडं कमी केलं तर एखाद्या जागी आधी वाढून मग कमी होईल असंही घडू शकतं. असल्या ठिकाणी सरळ रेषेत विचार करणाऱ्यांची पंचाईत होते.

आणि धरणं विसरू नका. जमीन नव्याने पाण्याखाली गेली की तिच्यावरची झाडं पानं कुजतात, ऑक्सिजन संपतो, जिवाणूंना खायला भरपूर कार्बन मिळतो. क्यूबेकमधल्या ला ग्रांद प्रकल्पाच्या जलाशयांत माशांतला पारा कितीतरी पट वाढला होता आणि तो पूर्ववत व्हायला १० ते ३० वर्षं लागतात असं दिसलं. तिथं कुणी नवा पारा आणून टाकला नव्हता. जमिनीतला पारा होता तोच, फक्त कामाला माणसं मिळाली.

---

चिंचोके

मला फक्त एवढंच सांगा मासे खायचे का नाही? आणि शिजवल्यावर जातो का पारा? बाकी सगळं डोक्यावरून.

---

शेवाळी

चिंचोके, शिजवून, तळून, चरबी काढून काहीही करून जात नाही. तो चरबीत नसतो, मांसाच्या प्रोटीनला चिकटलेला असतो. मासे सोडू नका, फक्त कोणता हे बघा. दुसरे मासे खाऊन जगणारे, मोठे, जास्त वर्षं जगणारे, म्हणजे शार्क, तलवारमासा, मोठा ट्यूना यांच्यात जास्त. लहान, कमी आयुष्याचे, अन्नसाखळीत खाली असलेले मासे सुरक्षित बाजूला. गरोदर बायकांनी आणि लहान मुलांसाठी हे जास्त काटेकोरपणे पाळायचं.

अवांतर: आपल्या पोटातले जिवाणूही इथं आपल्या बाजूने असतात. खाल्लेला मिथिल मर्क्युरी शरीरातून निम्मा व्हायला साधारण दीड-दोन महिने लागतात, आणि तो बाहेर पडण्याचा मोठा मार्ग म्हणजे आतड्यातले जिवाणू त्याचं साध्या पाऱ्यात रूपांतर करतात, जो परत शोषला जात नाही. उंदरांना अँटिबायोटिक देऊन हे जिवाणू मारले तर त्यांच्या शरीरात पारा जास्त राहतो असं १९८०च्या दशकातल्या प्रयोगांत दिसलंय.

---

आडवळण

एक शंका. पाणथळ जागा वाचवा, नवीन तयार करा असं सगळे सांगतात आणि इथं तर पाणथळ म्हणजे मिथिल मर्क्युरीचा कारखाना असं निघतंय. मग करायचं काय? बुजवायच्या?

---

गाळमित्र

बुजवायच्या अजिबात नाहीत, पण प्रश्न खरा आहे आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत तो रोजच्या कामाचा भाग आहे. १९व्या शतकात कॅलिफोर्नियात सोनं वेगळं करायला पारा वापरला, तो पारा खाणींच्या गाळाबरोबर नद्यांतून खाडीपर्यंत आला. आता खाडीच्या दक्षिण टोकाला जुनी मिठागरं मोडून पुन्हा भरतीची दलदल करतायत, आणि पहिल्यापासून पाऱ्यावर नजर ठेवून, एक एक तुकडा उघडून.

यात कामाची गोष्ट अशी निघते की कायम पाण्याखाली असलेल्या जागेपेक्षा आळीपाळीने भिजणारी आणि सुकणारी जागा जास्त त्रास देते. सुकताना सल्फाइडचं परत सल्फेट होतं, बांधलेला पारा सुटतो, आणि पुन्हा पाणी चढलं की जिवाणूंना सगळं ताजं ताजं मिळतं. म्हणून त्याच राज्यात काही ठिकाणी उथळ पाणथळीतून निघणारं पाणी आधी खोल, कायम भरलेल्या तळ्यात थांबवतात. तिथं गाळ खाली बसतो, ऊन मिथिल मर्क्युरी मोडतं, आणि मग ते पाणी नदीला सोडतात. @आडवळण, तुमच्या डोक्यात नेमकी कोणत्या प्रकारची पाणथळ आहे, गोडी की खारी? गोड्या पाण्यात सल्फेट मुळातच कमी असतं, तिथं हिशोब वेगळा लागेल.

---

आडवळण

गोडी. सल्फेट मोजून घेतो आणि परत येतो इथेच.